खडकवासल्याचा सूर्यास्त मोबाइलवर: फोटो काढण्यापासून एआयने एडिट करेपर्यंत

मोबाइलवर सूर्यास्ताचे फोटो काढायला शिकायचं असेल, तर पुणेकरांना खडकवासला धरणाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. सिंहगड रस्त्यावरच्या चौपाटीजवळ पाण्याकडे तोंड करून उभं राहिलं की पश्चिम समोर येते. मध्ये मोकळं पाणी, पलीकडे एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) बाजूच्या टेकड्या आणि हाताशी गरम भजी. गावातून बस जाते, दुचाकीवर तासाभरात पोचता येतं. रविवारी संध्याकाळी मात्र रस्ता इतका तुंबतो की सूर्य गाडीतूनच मावळताना पाहावा लागतो. जमलं तर आठवड्यातला मधला एखादा दिवस काढा.

हा लेख नवशिक्यांसाठी आहे. आधी फोटो नीट काढायचा आणि मग फोनमधल्या एआय साधनांनी तो साफसूफ करायचा, असा क्रम आहे. माझं मत आधीच सांगतो. एआयला कचरा उचलू द्या, वायर पुसू द्या, अंधारातला दाणेदारपणा कमी करू द्या. आकाश मात्र त्या संध्याकाळचंच ठेवा. पाण्यावरच्या सूर्यास्तात आकाश बदललं की पाणी चुगली करतं. ते कसं, हे पुढे येईलच.

कधी जायचं

पुण्यात नोव्हेंबरच्या अखेरीला सूर्य सहाच्या जरा आधीच मावळतो, तर जूनअखेर आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातपर्यंत टिकतो. फोनमधल्या हवामानाच्या अ‍ॅपमध्ये दिसणारी वेळ सपाट क्षितिजासाठी असते. खडकवासल्याला समोर टेकड्या आहेत, त्यामुळे सूर्य त्या वेळेच्या आधीच आड जातो. म्हणून अ‍ॅपमधल्या वेळेच्या निदान पाऊण तास आधी पोचा. तिथे गेल्यावर अंदाज घ्यायची एक जुनी युक्ती आहे. हात सरळ लांब करून बोटं आडवी धरा आणि टेकडीचा माथा ते सूर्य यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते मोजा. एका बोटाला साधारण सात-आठ मिनिटं. हे करताना सूर्याकडे टक लावून पाहू नका, तळव्याने तो झाकूनच मोजा.

सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही, हे शाळेत शिकलेलं इथे कामाला येतं. आपल्या अक्षांशावर डिसेंबरात तो पश्चिमेच्या दक्षिणेला सुमारे २५ अंश सरकलेला असतो आणि जूनमध्ये उत्तरेला तेवढाच. खडकवासल्याचं पाणी धरणाच्या भिंतीपासून नैऋत्येकडे, पानशेतच्या दिशेने लांबत गेलेलं आहे. त्यामुळे हिवाळ्यात सूर्य जलाशयाच्या लांबीवर उतरतो आणि पाण्यावरचा सोनेरी पट्टा लांबलचक मिळतो. उन्हाळ्यात तो एनडीएच्या बाजूच्या टेकड्यांकडे सरकतो, पट्टा आखूड होतो. एकाच दगडावरून मे आणि डिसेंबरमध्ये काढलेले फोटो शेजारी ठेवलेत तर दोन वेगळ्या जागा वाटतील.

ऋतूंमध्ये माझी पहिली पसंती गणपती गेल्यानंतरच्या दिवसांना. परतीच्या पावसाने हवा धुतलेली असते, धरण भरलेलं असतं आणि आकाशात वेगवेगळ्या उंचीवर ढग असतात. दिवाळीनंतर हवेत धूर आणि धूळ साठू लागते. मग सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच फिक्या लाल टिकलीसारखा दिसतो आणि धुरकटात विरून जातो. या दिवसांत रंगांचा भडका फारसा मिळत नाही, पण टेकड्यांच्या एकामागे एक फिकट होत गेलेल्या रांगा सुंदर येतात. मार्चनंतर पाणी मागे हटतं, काठाला गाळ आणि भेगाळलेली माती उघडी पडते. तीही पुढच्या भागात घेण्यासारखी असते. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग जमले तर सगळं सोडून निघा.

ढग वाचायला शिकणं हे कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाचं आहे. निरभ्र आकाशाचा सूर्यास्त बहुतेक वेळा बेताचाच होतो. मावळताना सूर्याचा प्रकाश वातावरणातून खूप लांबचा रस्ता कापून येतो. वाटेत निळा रंग विखरून जातो आणि उरतो पिवळा, केशरी, लाल. पण हा उरलेला रंग पडायला पडदा हवा, आणि तो पडदा म्हणजे पिंजलेल्या कापसासारखे उंचावरचे पातळ ढग. दुपारी चारला डोक्यावर असे ढग असतील आणि पश्चिमेला क्षितिजाजवळ मोकळी फट असेल, तर संध्याकाळ चांगली जाणार असं समजा. पश्चिमेला काळी भिंत उभी असेल तर घरी चहा प्यायलात तरी चालेल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सूर्य बुडाला की निघू नका. चौपाटीवरचे निम्मे लोक तेव्हाच गाड्या काढतात. सूर्य क्षितिजाखाली गेला तरी त्याचा प्रकाश उंच ढगांना खालून लागत राहतो, आणि खरा रंग पुढच्या दहा ते वीस मिनिटांत चढतो.

दुसऱ्या जागा

पाषाण तलाव शहरातच आहे, पक्षीही दिसतात, पण जलपर्णी वाढली की पाण्याचा आरसा उरत नाही. जायच्या आधी एखाद्या ओळखीच्याला पाण्याची हालत विचारा. पेशव्यांच्या काळातल्या कात्रजच्या तलावाकडे डोंगर जवळ असल्याने उजेड लवकर जातो, तेव्हा लवकर पोचा. पानशेत आणि मुळशी देखणे आहेत, पण अंधारात वळणाच्या रस्त्याने परतायची तयारी हवी. ज्यांना सूर्य थेट पाण्यात बुडताना हवा आहे त्यांनी हिवाळ्यात सोलापूर रस्त्याने भिगवणला जावं. पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर उजनीच्या बॅकवॉटरचं क्षितिज सपाट आहे आणि नशीब असेल तर फ्लेमिंगोही समोर असतात.

फोन हातात घेतल्यावर

पहिलं काम म्हणजे लेन्स पुसणं. खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचा तेलकट थर असतोच. समोरून उजेड आला की तो थर सगळ्या फोटोवर पांढुरका पडदा पसरवतो, आणि तो नंतर कुठलंही एआय धडपणे काढू शकत नाही. मऊ सुती कापड किंवा चष्म्याचं फडकं पुरतं.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेषा, चालू करा. पाण्याची रेष वाकडी आली की तलाव सांडतोय असं वाटतं. आकाश चांगलं असेल तर क्षितिज खालच्या आडव्या रेषेवर ठेवा, प्रतिबिंब चांगलं असेल तर वरच्या. काही फोनमध्ये दृश्य ओळखून रंग आपोआप भडक करणारी सोय असते, ती बंद करा. तुमच्या वतीने फोनने आधीच घेतलेला निर्णय नंतर मागे घेता येत नाही.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. पडद्यावर सूर्याच्या जवळच्या, पण प्रत्यक्ष सूर्यावर नसलेल्या उजळ ढगावर बोट दाबून धरा. बहुतेक फोनवर फोकस आणि उजेड तिथे लॉक होतो. मग शेजारी दिसणाऱ्या छोट्या सूर्याच्या चिन्हावरून बोट खाली ओढा, किंवा तुमच्या फोनवर जी पट्टी येते ती खाली घ्या. फोटो गडद होत जाईल, ढगांतला रंग दिसू लागेल, काठ काळा पडेल. घाबरू नका. आकाश एकदा पांढरं जळून गेलं की त्यात परत रंग आणता येत नाही, कारण तिथे माहितीच नोंदली गेलेली नसते. काळोखी बाजू मात्र बरीचशी उजळता येते. म्हणून आकाशाला जपा. एकाच चौकटीचे थोडा उजळ, मध्यम आणि थोडा गडद असे तीन फोटो काढून ठेवलेत तर घरी निवडायला बरं.

बोटांनी चिमटा काढून झूम वाढवू नका. पडद्यावर २एक्स, ३एक्स असं बटण वेगळं असेल तर ते वापरा, नाहीतर चार पावलं पुढे जा. अल्ट्रावाइड लेन्स आकाश भरपूर घेते, पण सूर्य मोहरीएवढा होतो आणि टेकड्या जमिनीला चिकटतात. माझ्या मते पहिले काही महिने साध्या १एक्सवरच काढावेत. पुढच्या भागात काहीतरी ठेवा: ओला दगड, वाळलेली बाभळीची फांदी, कणीसवाल्याची शेगडी, पाण्याकडे पाहणारी माणसं. नुसतं पाणी आणि सूर्य अशा फोटोंनी प्रत्येकाच्या फोनची गॅलरी आधीच भरलेली आहे.

चौकटीत हिरवट ठिपके दिसले तर ते सूर्याचा प्रकाश लेन्सच्या आत आपटून आलेले असतात. फोन किंचित तिरका केला किंवा सूर्य फांदीआड घेतला की बहुधा जातात. जागेवरच घालवा, कारण चेहऱ्यावर पडलेला असा ठिपका नंतर पुसणं अवघड असतं.

सूर्य गेल्यावर नाइट मोड आपोआप चालू होईल आणि फोन काही सेकंद स्थिर धरायला सांगेल. हातात धरू नका. दगडावर किंवा गाडीच्या सीटवर टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा हादराही लागणार नाही. ऑटोवर केशरी रंग फिका येत असेल तर प्रो मोडमध्ये, म्हणजे सेटिंग हाताने बदलता येतात तिथे, व्हाइट बॅलन्स (रंगांचा उबदार-थंड तोल) ५५०० ते ६००० केल्विनच्या आसपास ठेवून पाहा. प्रो मोडमध्ये रॉ फाइलची (फोनने न दाबलेल्या मूळ नोंदीची) सोय असेल तर तीही चालू करा. जागा जास्त खाते, पण एडिट करताना आकाशाचे रंग फुटत नाहीत.

काठावरच्या दोन गोष्टी. फोटोसाठी पाण्यात उतरू नका. वरून उथळ दिसतं, पण गाळात पाय रुततो आणि तळ एकदम खोल जातो. खडकवासल्यात माणसं बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. आणि पलीकडचा भाग लष्करी आहे, तेव्हा ड्रोन उडवायचा विचार मनातून काढून टाका आणि मनाईचे फलक असतील तिथे कॅमेराही खिशात ठेवा.

घरी आल्यावर: आधी हाताने

एडिटिंगची सुरुवात फोटो उडवण्यापासून करा. एका संध्याकाळचे दोनच फोटो ठेवा, फार तर तीन. मग त्या फोटोची प्रत काढा आणि मूळ फाइलला हात लावू नका.

साधनं फुकटही भरपूर आहेत. गुगल फोटोज बहुतेक अँड्रॉइड फोनवर असतंच, स्नॅपसीड फुकट आहे, लाइटरूमची मोबाइल आवृत्ती काही सोयींपुरती विनामूल्य आहे. क्रम असा ठेवा. आधी क्षितिज सरळ करा आणि कडा कापा. मग हायलाइट (उजळ भाग) खाली आणा, शॅडो (काळोखे भाग) थोडे वर. इथेच नव्या माणसाचा हात सुटतो. शॅडो इतके वाढवतात की मावळतीच्या वेळी काठावरचा दगड न् दगड दुपारसारखा दिसतो. संध्याकाळ आहे, काठ काळाच हवा. त्यात काय आहे याचा अंदाज येण्यापुरतं उजळलं की थांबा. त्यानंतर वॉर्म्थ (रंगांचा उबदारपणा) किंचित वाढवा, आणि सॅच्युरेशनऐवजी व्हायब्रन्स असेल तर तो वापरा. व्हायब्रन्स फिक्या रंगांना जास्त उचलतो आणि आधीच गडद असलेल्या केशरीला सांभाळून घेतो. सॅच्युरेशन सगळ्यांना सरसकट ढकलतं आणि सूर्याभोवती पिवळा डाग पसरतो.

लाइटरूममध्ये मास्क या भागात आकाश आपोआप निवडायची सोय आहे. ही एआयचीच करामत, आणि माझ्या मते नवशिक्याच्या सगळ्यात कामाची. आकाश निवडलं की त्याचा उजेड थोडा कमी करा, धुरकट वाटत असेल तर डीहेझ दहा-पंधरापर्यंत द्या. मग फोटो मोठा करून टेकडीची कड आणि बाभळीच्या फांद्या पाहा. तिथे पांढरी किनार दिसली तर आकडे निम्मे करा.

आकाशाला जे केलं ते थोड्या कमी प्रमाणात पाण्यालाही करावं लागतं. तलावातलं प्रतिबिंब आकाशापेक्षा थोडं गडद असतं, कारण पाण्यावर पडलेला सगळा प्रकाश परत येत नाही, काही आत शिरतो. नुसतं आकाश गडद केलं आणि पाणी तसंच सोडलं, तर पाणी आकाशापेक्षा उजळ दिसतं. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण फोटो खोटा वाटतो.

मग एआय

वस्तू पुसण्यापासून सुरू करा. गुगल फोटोजमधलं मॅजिक इरेजर २०२१मध्ये पिक्सेल ६ बरोबर आलं आणि मे २०२४पासून ते इतर फोनवरही पैसे न देता मिळू लागलं. आयफोनवर आयओएस १८.१पासून १५ प्रो आणि त्यापुढच्या मॉडेलना क्लीन अप आहे, सॅमसंगच्या बऱ्याच फोनवर जनरेटिव्ह एडिट आहे. सगळ्यांची पद्धत सारखी: नको ती गोष्ट बोटाने रंगवायची आणि साधन आजूबाजूचं पाहून ती जागा भरतं.

समजा, चौपाटीवरच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात पाण्यावर प्लॅस्टिकची बाटली तरंगते आहे. बाटली रंगवली, पुसली गेली. पण खाली पाण्यात तिची हलती पांढरी सावली तशीच राहिली. आता वस्तू नाही आणि प्रतिबिंब आहे. म्हणून तलावाच्या फोटोत पुसताना नेहमी जोडी पाहायची: बाटली आणि तिचं प्रतिबिंब, खांब आणि त्याची पाण्यातली रेघ, दिवा आणि त्याचा लांबलेला उजेड. मोठा भाग एकदम रंगवण्यापेक्षा छोटे तुकडे करा. भरलेल्या जागेतल्या लाटा शेजारच्या लाटांच्याच दिशेला आणि तेवढ्याच आकाराच्या आहेत का, ते मोठं करून पाहा. एकच लाट दोनदा छापल्यासारखी दिसली तर मागे घ्या आणि कड थोडी वेगळी रंगवा.

काय पुसावं यावरही थोडं बोलायला हवं. वाऱ्याने आलेली पिशवी, चौकटीत शिरलेली वायर, कुणाची तरी कोपर यांना हरकत नाही. पण काठावर पसरलेला कचऱ्याचा ढीग पुसून स्वच्छ तलाव दाखवणं मला पटत नाही. हे शहर ज्या साखळीतल्या धरणांचं पाणी पितं, त्यातलंच हे एक. त्याच्या काठाची अवस्था लपवण्यापेक्षा दोन पावलं बाजूला सरकून चौकट बदलावी, किंवा कचऱ्याचाच फोटो काढून तक्रारीला जोडावा.

नाइट मोडच्या फोटोत दाणे दिसत असतील तर एआयचं डीनॉइझ चांगलं काम करतं, पण पूर्ण ताकदीने नको. पाणी मेणासारखं गुळगुळीत होतं आणि दूरची झाडं रंगाच्या फटकाऱ्यासारखी दिसू लागतात.

आता आकाश बदलण्याबद्दल. अनेक अ‍ॅपमध्ये एका टिचकीत नवं आकाश बसतं. तलावाच्या फोटोत ते का पकडलं जातं, ते सूर्यावरून पाहा. पाण्यावरचा चकाकणारा पट्टा नेहमी सूर्याच्या बरोबर खाली, सरळ तुमच्याकडे येतो. नव्या आकाशातला सूर्य डावीकडे आणि जुना पट्टा उजवीकडे राहिला की खेळ संपला. पट्टा जुळवला तरी पाण्यात ढगांचा रंग जुनाच राहतो. तोही बदलला तर काठावरच्या माणसांच्या खांद्यावरचा उजेड चुकीच्या बाजूचा निघतो. शेवटी इतकं बदलावं लागतं की तुम्ही त्या संध्याकाळी तिथे गेला होतात याला फोटोत पुरावाच उरत नाही.

जेमिनी किंवा चॅटजीपीटीला फोटो देऊन शब्दांत बदल सांगायची पद्धतही आता रुळली आहे. मराठीत सांगितलेलं चालतं. फक्त मोघम सांगू नका. ‘फोटो सुंदर कर’ म्हटलंत तर तो दुसऱ्याच कुठल्या तरी देशातला तलाव परत देईल. असं लिहा: ‘या फोटोची चौकट, टेकड्यांचा आकार, आकाशाचे रंग आणि पाण्यातलं प्रतिबिंब जसंच्या तसं ठेव. उजव्या कोपऱ्यातली बाटली आणि तिचं प्रतिबिंब तेवढं काढ. बाकी काही बदलू नकोस.’ एका वेळी एकच बदल मागा.

इतकं सांगूनही तपासणं चुकत नाही, कारण ही साधनं अनेकदा सगळा फोटोच नव्याने रंगवून देतात. मूळ आणि नवा फोटो शेजारी ठेवून टेकड्यांचे माथे पाहा, माणसं मोजा, हाताची बोटं पाहा. टपरीवरची पाटी चौकटीत असेल तर ती वाचा. देवनागरी अक्षरं मोडण्यात ही साधनं पटाईत आहेत, आणि ‘गरमागरम भजी’ची भलतीच चिन्हं झालेली दिसली की फोटो कुठे कुठे बदललाय ते लगेच ध्यानात येतं. फाइलचा आकारही बघा. मूळ फोटोपेक्षा बारीक फाइल आली असेल तर ती फोनच्या पडद्यापुरती ठीक, फ्रेम करून भिंतीवर लावायला नाही. ओळखीच्या नसलेल्या लहान मुलांचे चेहरे असलेले फोटो अशा सेवांवर चढवू नका, आणि लोकेशनची नोंद आधी काढून टाका.

पाठवताना आणि टाकताना

एआयने काही भरलं किंवा पुसलं असेल तर मथळ्यात एक ओळ लिहा: ‘पाण्यातली बाटली एआयने काढली आहे.’ काही साधनं फाइलमध्ये तशी नोंद स्वतःच ठेवतात आणि गुगलच्या जेमिनीतून आलेल्या चित्रांत सिंथआयडी नावाची डोळ्यांना न दिसणारी खूण असते. त्यामुळे लपवून ठेवायची सोय तशीही कमीच आहे. स्पर्धेला फोटो पाठवायचा असेल तर नियम आधी वाचा. बऱ्याच ठिकाणी उजेड-रंग सुधारलेले चालतात, पण भर घातलेली किंवा वस्तू काढलेली चालत नाही, आणि मूळ फाइल मागतात. ती जपून ठेवायला सांगितलं, त्याचं हेही एक कारण.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जातो आणि आकाशातल्या हलक्या छटांच्या जागी पट्टे उमटतात. एचडी निवडा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून जोडा. छापायचा असेल तर स्टुडिओवाल्याकडे फाइल पेन ड्राइव्हवर किंवा ईमेलने न्या, आणि मोठी प्रत काढण्याआधी एक छोटी काढून पाहा. कागदावर फोटो पडद्यापेक्षा गडद येतो, म्हणून काळा काठ छापण्याआधी थोडासा उजळून घ्या.